स्वतंत्र मोशन ग्राफिक्स डिझायनर म्हणून काम सुरू करताना: पहिल्या ब्रीफपासून क्रिएटिव्ह डायरेक्शनपर्यंत

मोशन ग्राफिक्सचे, म्हणजे हलती अक्षरे व आकृत्या यांतून फिल्म बनवण्याचे, तंत्र शिकवणारे साहित्य आज मुबलक आहे, पण त्यातले बहुतेक सॉफ्टवेअरपाशी सुरू होऊन सॉफ्टवेअरपाशीच संपते. स्वतंत्रपणे काम करू पाहणाऱ्या नवोदिताचे घोडे अडते ते वेगळ्याच ठिकाणी: काय बनवायचे हे पुरते ठरलेले नसताना काम सुरू होते, जे ठरले ते कोणी लिहून ठेवलेले नसते, आणि तिसऱ्या आठवड्यात क्लायंटकडचा एखादा वरिष्ठ अधिकारी पहिल्यांदाच फिल्म पाहतो व मूळ कल्पनेवरच हरकत घेतो. या व्यवसायाचे गणित समजायला फारसे अवघड नाही. स्क्रिप्टमधले वाक्य बदलायला काही मिनिटे लागतात, स्टोरीबोर्ड (शॉटची क्रमवार रेखाटने) झाल्यावर त्याच बदलात अर्धा दिवस जातो, आणि ॲनिमेशन, व्हॉइसओव्हर व संगीत बसवून झाल्यावर तोच बदल आठवडा खातो. त्यामुळे पुढील सर्व पायऱ्यांचा रोख एकच आहे: बदल स्वस्त असतानाच निर्णय घ्यावेत, ते लेखी पक्के करावेत आणि मगच पुढे जावे. डिझायनर म्हणून हे अंगवळणी पडले की क्रिएटिव्ह डायरेक्टरच्या, म्हणजे फिल्मची दिशा ठरवून इतरांकडून ती करून घेणाऱ्याच्या, कामाची निम्मी तयारी झालेली असते.

पहिली पायरी: हातातले कौशल्य

सॉफ्टवेअरच्या निवडीवर नवोदित जितका वेळ घालवतात तितका तो प्रश्न मोठा नाही. आफ्टर इफेक्ट्स १९९३ मध्ये बाजारात आले, १९९४ पासून ते ॲडोबीकडे आहे, आणि बहुतेक स्टुडिओ एकमेकांना त्याच्याच फायली देतात, म्हणून द्विमितीय कामासाठी ते येणे सोयीचे ठरते. त्रिमितीय कामासाठी सिनेमा फोरडी किंवा विनामूल्य व मुक्तस्रोत असलेले ब्लेंडर यांपैकी एक पुरे. खर्च करण्याची तयारी नसेल तर दाविंची रिझॉल्व्हच्या विनामूल्य आवृत्तीतील फ्यूजनवरही गंभीर काम करता येते. एक साधन खोलवर शिकावे आणि दुसऱ्याची तोंडओळख ठेवावी.

त्याहून महत्त्वाचे आहे ते स्थिर चित्राचे भान. १९५०च्या दशकात चित्रपटांच्या श्रेयनामावलीला हलत्या ग्राफिक्सचे रूप देणारे सॉल बास मुळात ग्राफिक डिझायनर होते, आणि हा क्रम योगायोगाचा नाही. जी फ्रेम थांबलेली असताना विस्कळीत दिसते ती हलल्याने सुधारत नाही. मुद्राक्षरे (फॉन्ट), मांडणी, रंगांमधील अंतर आणि रिकाम्या जागेचा वापर यांचा अभ्यास ॲनिमेशनच्या आधी किंवा निदान बरोबरीने करावा.

हालचालीसाठी डिस्नेच्या ॲनिमेटरांनी १९८१ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेली ॲनिमेशनची १२ तत्त्वे आजही उपयोगी पडतात. व्यक्तिरेखांसाठी लिहिलेली सगळीच तत्त्वे ग्राफिक्सला सारख्याच प्रमाणात लागू होत नाहीत. टायमिंग, सुरुवातीला व शेवटी वेग हलके हलके बदलणे, हालचालीआधीची पूर्वसूचना आणि एकावर एक येणाऱ्या हालचाली, ही चार मात्र रोज लागतात. सराव म्हणून एकच चौकोन पडद्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला एका सेकंदात न्यावा, आणि ग्राफ एडिटरमधील (हालचालीचा वेग आलेखावर दाखवणाऱ्या खिडकीतील) वक्ररेषा बदलून तोच प्रवास जड, हलका, बिचकलेला, आत्मविश्वासाचा असा वेगवेगळा दिसेपर्यंत करत राहावे. तयार प्लगइनने आपोआप येणारे ईझिंग (वेगातील हलका बदल) वापरण्याआधी हा सराव झालेला असावा, कारण सगळ्या वस्तू एकाच वक्ररेषेवर धावू लागल्या की फिल्म कोणीही बनवलेली वाटते.

मजकूर देवनागरी, अरबी अशा लिपींत असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. आफ्टर इफेक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये (प्रेफरन्सेस) त्या लिपींसाठी असलेले टेक्स्ट इंजिन निवडावे. तसे न केल्यास जोडाक्षरे आणि मात्रा चुकीच्या जागी पडू शकतात. एकेक अक्षर सुटे करून हलवणारी सॉफ्टवेअरमधील ‘ॲनिमेटर’ साधने लॅटिन लिपीसाठी ठीक असले तरी इथे शब्द फोडतात. अशा वेळी शब्द किंवा ओळ हे एकक धरावे, नाहीतर अक्षरांचे आकार शेपमध्ये रूपांतरित करून हाताने गट पाडावेत.

दुसरी पायरी: शोरील

शोरील, म्हणजे निवडक कामांची छोटी फिल्म, एक मिनिटाच्या आत ठेवावी आणि सर्वांत चांगला शॉट सुरुवातीला ठेवावा, कारण काम देणारी व्यक्ती पहिल्या काही सेकंदांतच मत बनवते आणि उरलेला वेळ ते मत तपासण्यात घालवते. ज्या प्रकारचे काम पुढे मिळावेसे वाटते तेच त्यात दाखवावे. कंटाळवाण्या कामाचे उत्तम नमुने दाखवले की तसलेच काम पुन्हा येते. समूहाने केलेल्या कामात आपला वाटा कोणता होता हे स्पष्ट लिहावे, कारण हे क्षेत्र लहान आहे आणि खोटे श्रेय लवकर उघडे पडते. संगीताचा परवाना घ्यावा, आणि क्लायंटचे काम दाखवण्याची परवानगी करारात आहे का ते पाहावे.

अजून क्लायंटच नसतील तर स्वतःला ब्रीफ (काय बनवायचे याची मागणी) द्यावे, पण त्यात अटी घालाव्यात: १५ सेकंद, एकच मुद्राक्षर, दोन रंग, आवाज बंद असतानाही कळेल असा एकच मुद्दा. अटींशिवाय केलेली स्वैर प्रात्यक्षिके सुंदर दिसतात, पण हा माणूस दुसऱ्याचा प्रश्न सोडवू शकतो का, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. शोरीलखेरीज दोन-तीन कामांची जडणघडण दाखवावी, म्हणजे मूळ प्रश्न, टाकून दिलेले पर्याय, स्टाइल फ्रेम (फिल्म कशी दिसेल हे दाखवणारी स्थिर चित्रे) आणि अंतिम शॉट. क्रिएटिव्ह डायरेक्शनचे काम पुढेमागे हवे असेल तर हाच भाग जास्त बारकाईने पाहिला जातो.

तिसरी पायरी: दर ठरवणे

इतरांचे दर विचारून सरासरी काढण्यापेक्षा स्वतःचा किमान दर आधी काढावा. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ वजा केले की २६१ उरतात. सुट्ट्या, आजारपण आणि शिकण्याचे दिवस म्हणून ३० धरले तर २३१ राहतात. त्यांतील मोठा भाग बैठका, कोटेशन, हिशेब, शोरील आणि कामाची वाट पाहण्यात जातो. ६० टक्के दिवसांचेच पैसे मिळतील असे धरले तर हाती साधारण १३८ दिवस येतात. वर्षभराचा घरखर्च, कर, विमा, सॉफ्टवेअर, संगणक बदलण्यासाठीची तरतूद आणि बचत यांची बेरीज करून तिला या आकड्याने भागले की दिवसाचा किमान दर निघतो. पगाराची रक्कम महिन्याच्या कामाच्या दिवसांनी भागून दर काढणारे इथेच फसतात, कारण पगारात बिनकामाचे दिवसही धरलेले असतात.

क्लायंटला मात्र शक्यतो संपूर्ण प्रकल्पाची रक्कम सांगावी. दिवसाचा दर स्टुडिओत जाऊन त्यांच्या संघात बसताना योग्य असतो. स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेल्या कामात तो लावला तर झटपट आणि चांगले काम करणाऱ्यालाच कमी पैसे मिळतात. प्रकल्पाची रक्कम काढताना अंदाजित दिवस, त्यावर राखीव म्हणून काही दिवस, परवान्यांचा खर्च, आणि फिल्म कुठे व किती काळ दाखवली जाणार यानुसार वापराचे मूल्य, अशी मांडणी करावी. एका कार्यालयीन सभेत एकदाच दाखवायची फिल्म आणि वर्षभर चालणारी जाहिरात यांचे कष्ट सारखे असले तरी मोल सारखे नसते.

चौथी पायरी: ब्रीफ काढून घेणे

ब्रीफ क्वचितच पूर्ण येतो. तो प्रश्न विचारून काढून घ्यावा लागतो. फिल्म कोण पाहणार, कुठे पाहणार आणि तेव्हा आवाज सुरू असेल की बंद, पाहून झाल्यावर प्रेक्षकाने काय करावे, आडव्या-उभ्या किती आवृत्त्या लागतील, कोणत्या भाषांत लागतील, ब्रँडचे नियम लिहिलेले आहेत का, तारीख कशामुळे ठरली आहे, हे सर्व विचारावे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, जो विचारायला नवोदित संकोचतात, तो असा: शेवटची मंजुरी कोण देणार, आणि ती व्यक्ती पहिल्यांदा काम केव्हा पाहणार? उत्तर ‘शेवटी’ असे आले तर स्टाइल फ्रेमच्या टप्प्यावर तिला दाखवण्याची अट तिथेच घालावी.

स्क्रिप्ट मिळाल्यावर ती घड्याळ लावून मोठ्याने, सावकाश वाचावी. ३० सेकंदांच्या फिल्मसाठी ४५ सेकंदांची स्क्रिप्ट येणे ही रोजची गोष्ट आहे, आणि ती काटछाट ॲनिमेशन सुरू होण्याआधी क्लायंटकडूनच करून घ्यावी. भाषांतरे होणार असतील तर काही भाषांत मजकूर लांबतो, हे लक्षात घेऊन शॉटमध्ये आणि मजकुराच्या चौकटीत मोकळी जागा ठेवावी.

बैठक संपल्यावर त्याच दिवशी ठरलेले मुद्दे एका पानावर लिहून पाठवावेत आणि लेखी होकार घ्यावा.

पाचवी पायरी: कोटेशन आणि करार

कोटेशनमध्ये काय मिळणार हे मोजता येईल अशा शब्दांत असावे: किती फिल्म, प्रत्येकीची लांबी, रिझोल्यूशन, रुंदी-उंचीचे गुणोत्तर, फायलीचा प्रकार. ‘सोशल मीडियासाठी आवृत्त्या’ हे वर्णन धोकादायक आहे. १९२० बाय १०८० मधून १०८० बाय १९२० अशी उभी आवृत्ती काढणे म्हणजे बहुतेक वेळा प्रत्येक शॉटची मांडणी नव्याने करणे असते, आणि तितके दिवस धरलेले असावे लागतात.

बदलांबाबत फक्त ‘दोन फेऱ्या’ असे लिहिणे पुरेसे नाही. प्रत्येक टप्प्याला दोन फेऱ्या, एक फेरी म्हणजे सर्व संबंधितांच्या सूचना एकत्र केलेली एकच यादी, आणि मंजूर झालेल्या टप्प्याकडे परत जायचे असल्यास वेगळे कोटेशन, असे तीन भाग त्यात असावेत. क्लायंटने ठरलेल्या मुदतीत अभिप्राय न दिल्यास पुढील तारखाही तितक्याच सरकतील, हेही लिहावे. एरवी विलंब त्यांचा आणि जागरण तुमचे, अशी वाटणी होते.

पैशांचे हप्ते टप्प्यांना जोडावेत: काम सुरू करण्याआधी आगाऊ रक्कम, स्टाइल फ्रेम व ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डच्या चित्रांची कच्ची फिल्म) मंजूर झाल्यावर दुसरा हप्ता, आणि स्वच्छ अंतिम फाइल हाती देण्याआधी उरलेली रक्कम. आगाऊ रकमेविना काम सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती द्यायला टाळाटाळ करणारा क्लायंट शेवटचा हप्ता सहजी देईल असे मानायला आधार नसतो. प्रकल्प मध्येच रद्द झाला तर झालेल्या टप्प्यांचे पूर्ण पैसे आणि राखून ठेवलेल्या दिवसांची काही टक्के भरपाई, अशी तरतूद असावी.

हक्कांचा भाग वकिलाला एकदा दाखवून आपला साचा तयार करून घेणे शहाणपणाचे, कारण कायदा देशागणिक बदलतो. साच्यात पुढील प्रश्नांची उत्तरे असावीत: पूर्ण रक्कम मिळाल्यावर कोणते हक्क, कोणत्या माध्यमांसाठी, किती काळासाठी दिले जातात, मूळ प्रोजेक्ट फायली त्यात येतात की वेगळ्या किमतीला मिळतात, मुद्राक्षरे, संगीत आणि स्टॉक चित्रफिती यांचे परवाने कोणाच्या नावे आहेत, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली सामग्री वापरता येईल का, आणि काम शोरीलमध्ये केव्हापासून दाखवता येईल. मुद्राक्षरांचा परवाना विशेष पाहावा, कारण डेस्कटॉपसाठी घेतलेला परवाना व्हिडिओच्या किंवा ॲपच्या वापराला लागू होतोच असे नाही.

सहावी पायरी: कामाचा क्रम

स्क्रिप्ट मंजूर झाल्यावर दोन किंवा तीन स्टाइल फ्रेम कराव्यात. या फ्रेम अंतिम फिल्ममधील थांबवलेल्या क्षणांइतक्या पूर्ण असाव्यात. कच्च्या फ्रेमवर मिळालेला होकार कच्चाच असतो. दोन दिशा दाखवायच्या असतील तर त्या खरोखर वेगळ्या असाव्यात आणि त्यांतली कोणतीही निवडली गेली तरी ती करायची तयारी असावी.

त्यानंतर स्टोरीबोर्ड, आणि मग ॲनिमॅटिक. स्टोरीबोर्डमधील चित्रे कच्च्या व्हॉइसओव्हरवर, खऱ्या लांबीने लावून केलेली ही फिल्म म्हणजे संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत किफायतशीर वस्तू आहे आणि तीच घाईत सर्वांत आधी गाळली जाते. कच्चा आवाज स्वतःचा चालेल. कोणता शॉट रेंगाळतो, कुठे वाचायला वेळ पुरत नाही, कुठे दोन शॉटमधली दिशा उलटते, हे सगळे इथे एका तासात दिसते. पडद्यावरील मजकुरासाठी सोपी कसोटी म्हणजे तो दोनदा सावकाश वाचून व्हावा इतका वेळ टिकावा. क्लायंटला ॲनिमॅटिक दाखवताना त्याने काय पाहायचे आणि काय पाहायचे नाही हे आधी सांगावे, अन्यथा अभिप्राय चित्रांच्या कच्चेपणावर येतो.

ॲनिमेशनच्या टप्प्यात आधी सर्व शॉट ढोबळपणे हलवून घ्यावेत आणि मग बारकाव्यांकडे वळावे. पहिला शॉट पूर्ण चकाचक करून दुसऱ्याला हात घालणाऱ्याचे शेवटचे शॉट कायम अर्धवट राहतात. फायलींना क्रमांक द्यावेत. ‘फायनल’ हा शब्द नावात नसलेलाच बरा. प्रतींसाठी ३-२-१ हा नियम पाळावा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक वेगळ्या ठिकाणी.

रेंडरचा, म्हणजे संगणकाला अंतिम फ्रेम तयार करायला लागणाऱ्या वेळेचा, हिशेब सुरुवातीलाच करावा. प्रतिसेकंद २५ फ्रेमच्या हिशेबाने ३० सेकंदांच्या ७५० फ्रेम होतात. त्रिमितीय शॉटला फ्रेममागे चार मिनिटे लागली तर ३,००० मिनिटे, म्हणजे सलग ५० तास. असे काम थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर न करता प्रतिमांच्या मालिकेत करावे, म्हणजे संगणक मध्येच बंद पडला तर झालेल्या फ्रेम वाचतात आणि पुढे बदल आला तर तेवढ्याच फ्रेम पुन्हा काढता येतात.

सातवी पायरी: अभिप्राय

सूचना एकाच व्यक्तीकडून, लेखी आणि टाइमकोडसह (फिल्ममधील नेमक्या वेळेसह) घ्याव्यात. ‘जरा जिवंत करा’ किंवा ‘काहीतरी कमी वाटते’ अशा सूचनेवर लगेच कीफ्रेम (हालचालीचे ठरवलेले बिंदू) हलवायला बसू नये. नेमक्या कोणत्या सेकंदाला ते वाटले आणि त्या वेळी काय कळायला हवे होते, हे विचारावे. क्लायंट बहुधा उपाय सुचवतो, जसे की लोगो मोठा करा, आणि त्यामागची अडचण अनेकदा वेगळी असते, जसे की लोगो येतो तेव्हा नजर दुसरीकडे असते. अडचण सुटली की सुचवलेल्या उपायाचा आग्रह बहुतेक वेळा राहत नाही. तोंडी मिळालेली सूचना स्वतः लिहून परत पाठवावी.

आठवी पायरी: तांत्रिक सुपूर्ती

फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, हे पहिल्या दिवशी विचारावे, कारण तो शेवटी बदलला तर हालचालीत झटके येतात. चित्रपटांत २४, अनेक देशांच्या दूरचित्रवाणीत २५, आणि उत्तर अमेरिकेसारख्या ठिकाणी २९.९७ चालतो, हा शेवटचा विचित्र आकडा १९५३ मधील रंगीत दूरचित्रवाणीच्या मानकातून आलेला आहे, आणि त्याला ३० समजून चालणे लांब फिल्ममध्ये आवाज व चित्र यांची फारकत करते.

पार्श्वभूमी पारदर्शक हवी असेल तर अल्फा चॅनेल (पारदर्शकतेची माहिती) धरून ठेवणारा कोडेक (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) लागतो, उदाहरणार्थ प्रोरेस ४४४४, एच.२६४च्या नेहमीच्या फायलीत तो राहत नाही. ॲपमध्ये चालणाऱ्या लहान ॲनिमेशनसाठी लॉटी हा फायलीचा प्रकार मागितला जातो, जो एअरबीएनबीने २०१७ मध्ये खुला केला. त्यात आफ्टर इफेक्ट्सचे बरेचसे इफेक्ट चालत नाहीत, त्यामुळे शेप आणि साध्या हालचालींवरच रचना करावी आणि खऱ्या फोनवर तपासावी. प्रसारणासाठी मजकूर मधल्या ९० टक्के क्षेत्रात ठेवावा, तर उभ्या व्हिडिओत खालचा आणि उजवा भाग बटणांखाली झाकला जातो हे ध्यानात घ्यावे. आवाजाची पातळी विचारून घ्यावी. युरोपातील प्रसारणाचे मानक उणे २३ एलयूएफएस (आवाजाचा जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) आहे, ऑनलाइन मंचांचे वेगळे असते.

झगमगाटाबाबत ढिलाई नको. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका ॲनिमेशन मालिकेच्या भागातील वेगवान लाल-निळ्या झगमगाटानंतर सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, बहुतांशी मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. वेबवरील सुगम्यतेचे नियम कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा झगमगाट होऊ नये असे सांगतात, आणि ही मर्यादा दाखवायची जागा कोणतीही असली तरी पाळावी.

नववी पायरी: क्रिएटिव्ह डायरेक्शनकडे

काम एकट्याला झेपेनासे झाले की नवोदित डिझायनर मदतनीस शोधतो, आणि तिथूनच, बहुतेकदा नकळत, डायरेक्शन सुरू होते. ते वेगळे काम आहे हे आधी कोटेशनमध्ये मान्य करावे: डायरेक्शनचे दिवस वेगळ्या ओळीत, वेगळ्या दराने लिहावेत. हे न केल्यास दिवसभर इतरांचे काम पाहून रात्री स्वतःचे शॉट करण्याची पाळी येते.

या भूमिकेतील पहिला दस्तऐवज म्हणजे ट्रीटमेंट. फिल्म काय सांगणार, कोणत्या सुरात, चित्रभाषा व आवाज कसा असेल आणि कोणत्या गोष्टी मुद्दाम टाळल्या जातील, हे त्यात काही पानांत येते. टाळायच्या गोष्टींची यादी विशेष कामाची, कारण इलस्ट्रेटर, ॲनिमेटर आणि साउंड डिझायनर आपापल्या जागी बसून निर्णय घेतात तेव्हा त्यांना कुंपण कुठे आहे हे कळते. साउंड डिझायनरला ॲनिमॅटिकच्या वेळीच आत घ्यावे. शेवटच्या दोन दिवसांत बोलावलेला माणूस फक्त पोकळी भरू शकतो.

संघाला सूचना देताना, क्लायंटकडून जी अपेक्षा धरली तीच स्वतः पाळावी. ‘लोगो चार फ्रेम लवकर आणा’ असे सांगण्याऐवजी ‘नजर लोगोवर पोहोचायच्या आत शॉट संपतो’ असे सांगितले तर ॲनिमेटर कदाचित अधिक चांगला उपाय काढतो. क्लायंटच्या सूचना जशाच्या तशा पुढे पाठवू नयेत. त्यांतील विरोध आधी मिटवावा, नको त्या गाळाव्यात, आणि गाळल्या हे क्लायंटला कारणासह कळवावे.

सहकाऱ्यांशीही लेखी करार करावा. क्लायंटला जे हक्क देण्याचे तुम्ही कबूल केले आहे ते आधी सहकाऱ्यांकडून तुमच्याकडे आलेले असले पाहिजेत, नाहीतर तुम्ही स्वतःकडे नसलेली वस्तू विकत असता. त्यांच्या बदलांच्या फेऱ्या क्लायंटला कबूल केलेल्या फेऱ्यांशी जुळवून ठेवाव्यात. त्यांचे पैसे देण्याची तारीख क्लायंटकडून पैसे येण्यावर अवलंबून ठेवू नये. आगाऊ रक्कम ठरवतानाच सहकाऱ्यांचा पहिला हप्ता त्यातून निघेल असा हिशेब करावा, आणि क्लायंटचा शेवटचा हप्ता लांबला तरी सहकाऱ्यांचे पैसे चुकते करता येतील इतकी राखीव रक्कम बाजूला नसेल तर तेवढ्या मोठ्या संघाचे काम घेऊ नये.